चंचीतले इंग्रजी शब्द

पंचफुला सोनकांबळे ही मुखेडच्या पलीकडच्या वाडीची. माझ्या गावापासून तिची वाडी दोन कोसांवर. तिची हकिगत लिहितो आहे ती ती कुणी मोठी बाई होती म्हणून नव्हे. ती शिपाई होती. लातूरच्या एका सरकारी कचेरीत टपाल वाटायची, माठ भरायची, साहेब आले की उठून उभी राहायची. लिहितो ते एवढ्यासाठी की तिच्या बाबतीत जे घडलं ते मला अजून गिळवत नाही, आणि ज्यांनी ते घडवलं त्यांना ते आज आठवतही नसेल.

सुरुवात बहात्तरच्या दुष्काळातून करावी लागेल. पंचफुलाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मुखेडच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं होतं आणि बौद्धवाड्यातली सगळी घरं तिथंच होती. सातवीपर्यंत शिकलेली बाई त्या कामावर ती एकटीच. खायला लाल मिलो मिळायची, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी. त्या मिलोत एक चपटं, तपकिरी बी मिसळलेलं असायचं. धोतऱ्याचं. ते पोटात गेलं की माणूस दिवसभर भ्रमिष्टासारखा बडबडायचा. तिची सासू कोंडाबाई सुपात मूठभर मिलो पसरायची आणि सुनेला सांगायची की डोळ्यावर जाऊ नको, दोन्ही सारखंच दिसतं, एकेक दाणा बोटात धरून बघ.

कामाच्या टोकाला पत्र्याची पाटी होती. तिच्यावर इंग्रजीत ‘रिलीफ वर्क’ लिहिलेलं. हजेरी कारकुनाच्या तक्त्यात शेवटचं घर ‘रिमार्क’चं. आणि खडीचा ढीग मापाला उतरला नाही की कारकून त्याच्यावर चुन्यानं फुली मारून तक्त्यात इंग्रजीत लिहायचा, रिजेक्ट. पंचफुलाला अक्षरं ओळखता यायची. तिनं बघितलं की तिन्ही शब्दांची पहिली दोन अक्षरं एकच आहेत, आर आणि ई. एकानं भाकरी मिळते, एकानं माणसाबद्दल शेरा पडतो आणि एकानं दिवसभराचं काम मातीत जातं. तिनं कारकुनाला विचारलं की हे तिघं एकाच घरचे आहेत का. कारकून हसला आणि म्हणाला, तू खडी फोड.

ती खडी फोडत राहिली. पण त्या दिवशी घरी जाऊन तिनं तिन्ही शब्द कागदाच्या कपट्यांवर उतरवले. कोंडाबाईची एक चंची होती, पानतंबाखूची, पाच कप्प्यांची, काळ्या खणाची. दुष्काळात पान कुठलं आणि तंबाखू कुठली. चंची खुंटीला रिकामी लटकत होती. सासूनं ती सुनेला दिली. एका कप्प्यात आर-ईचे शब्द गेले. बाकीचे चार मोकळे राहिले.

तिचा नवरा केरबा उदगीरला एका कचेरीत शिपाई लागला. चांगला माणूस होता. कचेरीतून येताना फाटकी पाकिटं खिशात घालून आणायचा, बायकोला पाठकोरा कागद लागतो म्हणून. अठ्ठ्याहत्तर साली कावीळ होऊन तो गेला. पुढच्या वर्षी त्याच्या जागेवर तिला घेतलं. नेमणुकीच्या हुकमात एक लांबलचक इंग्रजी शब्द होता, कम्पॅशनेट. म्हणजे अनुकंपा. त्या एका शब्दासाठी तिनं चंचीचा दुसरा कप्पा उघडला, सी-ओ-एमचा.

आता तिची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीवर आहे. वाचनालयातल्या जाड कोशातून ती अर्थ काढायची. पण अर्थावर ती थांबायची नाही. खाली लिहायची, हा शब्द कोण कुणाला म्हणतो, आणि पत्रात तो कुठं बसतो. कम्प्लेंट म्हणजे तक्रार. खालचा वरच्याला करतो, पहिल्याच ओळीत येतो. कम्प्लायन्स म्हणजे पूर्तता. वरचा खालच्याकडं मागतो, पत्राच्या तळाला असतो, तारखेच्या शेजारी. कॉम्पेन्सेशन म्हणजे भरपाई. वरून खाली येते, पण सोबत अट घेऊन. कम्पल्सरी म्हणजे सक्तीचं. म्हणणाऱ्याला स्वतःला ते लागू नसतं. कम्पेअर्ड हा शब्द टंकलेल्या नकलेच्या कोपऱ्यात बारीक असतो, म्हणजे ही नक्कल मूळ कागदाशी कुणीतरी ताडून बघितली आहे. तो नसेल तर त्या नकलेवर विश्वास टाकू नये. हे शेवटचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. एका नकलेत गावाचं नाव चुकलेलं तिनं स्वतः धरलं होतं.

पी-आर-ओचाही एक कप्पा झाला. त्यातला प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, तिला आवडायचा नाही. सरकार या शब्दानं हात पुढं करतं आणि मागंही घेतं, असं तिनं त्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं.

नोकरीत अशी तीनेक वर्षं गेली असतील. मधल्या काळात तिनं बाहेरून मॅट्रिक दिली. इंग्रजीत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा निघाली. मग ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, मिठाई वाटली, आणि कचेऱ्यांची टेबलं ट्रकमधून यायला लागली. टंचाईच्या कामांची एक नवी कचेरी निघाली. तिचं नाव मी घेत नाही. पंचफुलाची बदली तिथं बारनिशीत झाली. बारनिशी म्हणजे जिथं येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची नोंद होते ती खोली.

कचेरी नवी, कारकून चार जिल्ह्यांतून गोळा केलेले. कोणता कागद कोणत्या टेबलाचा हे कुणालाच माहीत नाही. मराठीतले कागद कसेबसे लागायचे. वरून, औरंगाबादच्या विभागीय कचेरीतून, येणारं निम्मं टपाल इंग्रजीत, त्याचा ढीग पडायचा. बारनिशीचे हेडक्लार्क बसवंतअप्पा, निलंग्याकडचे, पानाचा तोबरा भरून बसणारे. त्यांनी आठवड्यात हेरलं की ही बाई इंग्रजी पत्र हातात घेते, वरची ओळ बघते, तळाची ओळ बघते, आणि बरोबर टेबलावर नेऊन ठेवते. तिथून रोज अकरा वाजता सगळं इंग्रजी टपाल पंचफुलापुढं यायला लागलं. तातडीचं वेगळं, माहितीचं वेगळं, तारखेचं सगळ्यात वर. तीन वर्षं हे काम तिनं केलं. कारकुनाचं काम, शिपायाच्या कपड्यात. कुठल्याही कागदावर त्याची एक ओळ नाही.

पंच्याऐंशी साली पाऊस दगा देऊन गेला. त्याच हिवाळ्यात कचेरीला लिपिकाची एक जागा चौथ्या श्रेणीतल्या शिपायांतून भरायची परवानगी आली. मॅट्रिक झालेले दोघंच, पंचफुला आणि वीरभद्र. वीरभद्र हा तिच्याहून दहा वर्षांनी लहान, औशाकडचा, सरळ मुलगा. त्याला इंग्रजीची धास्ती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माठाजवळ बसून पंचफुलाच त्याला शिकवायची. तो गाईडमधल्या व्याख्या घोकायचा आणि ती म्हणायची, ‘‘वीरभद्रा, शब्द पाठ करून राहिलास, पण तो कुणाच्या तोंडचा हाय ते बघ की.’’

वीरभद्र म्हणायचा, ‘‘अक्का, परीक्षेत तोंड माझंच असतंय.’’

बसवंतअप्पांनी पैज लावल्यासारखं सगळ्यांना सांगून टाकलं होतं की जागा पंचफुलाची. तिच्या मनातही ते पक्कं होतं. कारकुनाची खुर्ची ही तिच्यासाठी नुसती खुर्ची नव्हती. शिपाई म्हणून जे ती रोज करत होती ते तिच्या नावानं व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

तोंडी परीक्षेला समितीत तिघं होते. मधोमध कचेरीचे मुख्य अधिकारी शरदचंद्र साहेब. घरात तीन पिढ्यांची मास्तरकी, इंग्रजी बोलायला लागले की ऐकत राहावं असे. बाजूला दोन सदस्य, शेजारच्या कचेऱ्यांतले. आधी वीरभद्र आत गेला, दहा मिनिटांत घाम पुसत आला. मग पंचफुला गेली. तिला बसायला सांगितलं नाही. आत काय झालं ते तिनं मला शब्दन् शब्द सांगितलं आहे, आणि चहा घेऊन आत गेलेल्या अप्पांनीही तेच सांगितलं.

शरदचंद्र साहेबांनी विचारलं की सारख्या सुरुवातीच्या शब्दांत लोक गोंधळतात, तेव्हा कम्प्लेंट आणि कम्प्लायन्स यांतला फरक सांगा.

पंचफुलाला मनातून हसू आलं असेल. ती म्हणाली, ‘‘साहेब, कम्प्लेंट म्हणजे तक्रार अन् कम्प्लायन्स म्हणजे पूर्तता. तक्रार गावाकडून तुमच्याकडं येती. पूर्तता औरंगाबाद तुमच्याकडं मागतंय. तक्रारीला तारीख नसती. पूर्ततेला असती, म्हणून ते पत्र आधी टेबलावर गेलं पाहिजे.’’

याहून बरोबर उत्तर कोणतं असतं ते मला कुणीतरी सांगावं. साहेब म्हणाले, ‘‘मी टपालाचा मार्ग विचारला नाही. व्याख्या विचारली. इंग्रजीत.’’

तिनं मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला. अर्थ बरोबर, बोलणं वाडीचं. डावीकडचा सदस्य हसला. मग त्याला चेव आला. त्यानं विचारलं, ‘‘बाई, कम्पॅशनेट कसं वापरतात?’’

‘‘नवरा मेल्यावर बायकूच्या हुकमात लिहितात,’’ ती म्हणाली.

तिघंही हसले. सदस्य म्हणाला, ‘‘मग एकदा मिळाली की अनुकंपा. दरवेळी कशी मिळंल?’’

ती म्हणाली, ‘‘साहेब, मी आज अनुकंपा मागाया आले न्हाई. परीक्षा द्यायला आले.’’

तिला जायला सांगितलं.

निकाल आठ दिवसांनी आला. वीरभद्र लिपिक. पंचफुलाच्या कागदावर समितीचा शेरा होता, खाली शरदचंद्र साहेबांची वळणदार सही: ‘उमेदवारास इंग्रजी शब्दांचे ज्ञान नाही. इंग्रजी पत्रव्यवहार हाताळण्यास अपात्र.’

अपात्र एकवेळ म्हणा. जागा एक होती, माणसं दोन होती, दुसऱ्याला द्या. पण ज्ञान नाही? तीन वर्षं ज्या कचेरीचं इंग्रजी टपाल जिच्या बोटांतून गेलं, जिनं लावलेल्या ढिगावर साहेबांनी सह्या केल्या, तिला हे लिहून दिलं. मी शाळेत फार गेलेलो नाही. मला एवढं कळतं की माणसाला नाकारणं वेगळं आणि त्याच्याजवळ जे आहे ते त्याच्याजवळ नाहीच असं कागदावर लिहिणं वेगळं. पहिला अन्याय आहे. दुसऱ्याला मी चोरी म्हणतो.

वीरभद्र तिच्याकडं आला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याला कम्प्लायन्सची व्याख्या तीन ओळींची येत होती आणि ती त्यानं न अडखळता म्हटली होती. तो म्हणाला की अक्का, मी नको म्हणून लिहून देतो. ती त्याच्यावर रागावली. तुझं काय चुकलं म्हणून तू सोडायचं, असं तिनं विचारलं आणि त्याला खुर्चीवर बसवून आली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अप्पांनी नेहमीसारखं इंग्रजी टपाल तिच्यापुढं सरकवलं. तिनं हात लावला नाही.

‘‘अप्पा, मला येत न्हाई. समितीनं लिहून दिलंय.’’

अप्पांना आधी गंमत वाटली. ‘‘अक्का, रुसलीस व्हय?’’

‘‘रुसायला हे माझं माहेर हाय का? मी अपात्र हाव. अपात्र माणसानं सरकारी कागदाला हात लावून चुकी झाली तर?’’

तिनं सगळं टपाल जसं आलं तसं, एकही पत्र इकडचं तिकडं न करता, साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. माठ भरला, टेबलं पुसली, घंटी वाजली की गेली. शिपायाचं एकही काम तिनं टाळलं नाही. कारकुनाचं एकही केलं नाही.

पहिला आठवडा साहेबांनी स्वतः टपाल लावलं. दुसऱ्या आठवड्यात ते कारकुनांवर ओरडू लागले. वीरभद्र एकेक पत्र घेऊन कोश बघत बसायचा. बिचाऱ्याला सगळे अर्थ सापडायचे, टेबल सापडायचं नाही. फेब्रुवारी संपला, मार्च लागला, गावोगावच्या विहिरींचे तळ दिसू लागले. इंग्रजी टपालाचा ढीग साहेबांच्या टेबलावरून खिडकीत आणि खिडकीतून जमिनीवर आला.

एका सकाळी झाडताना पंचफुलाची नजर ढिगातल्या एका पत्रावर गेली. वरची ओळ तिनं वाचली नाही असं ती मला सांगते, पण ते खरं नाही. ज्याला वाचता येतं त्याला न वाचणं जमत नाही. सतरा गावांना टँकरची मंजुरी होती. खाली कम्प्लायन्स, आणि तारीख परवाची. परवापर्यंत गावांची यादी ताडून गेली नाही तर मंजुरी रद्द.

ती केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिली. तिनं खडीवरचे दिवस बघितले होते. रांजणाच्या तळाचं गढूळ पाणी फडक्यातून गाळून तान्ह्या पोराला पाजणाऱ्या बाया तिनं बघितल्या होत्या. त्या सतरा गावांतल्या बायांनी तिचं काय केलं होतं? आणि पत्र उचललं तर साहेबांना काय, ते खुशाल म्हणणार की बघा, करते की बाई, बोलून दाखवते एवढंच. इतक्या दिवसांचा तिचा हट्ट त्या एका पत्रात वाहून जाणार होता.

तिनं पत्र उचललं. साहेब आल्यावर त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, ‘‘सतरा गावांचं पाणी हाय. परवाची तारीख.’’

साहेबांनी पत्र वाचलं. चेहरा उतरला. धावपळ झाली, यादी झाली, वीरभद्रला जीपमध्ये बसवून औरंगाबादला पाठवलं. टँकर सुटले. संध्याकाळी साहेबांनी तिला बोलावलं. हे ऐकताना मला वाटलं होतं, आता तरी त्या माणसाला लाज वाटली असेल. साहेब म्हणाले की उद्यापासून तुम्ही पूर्वीसारखं टपाल लावत जा, हे नाटक पुरे झालं.

पंचफुला म्हणाली, ‘‘लावते साहेब. लेखी द्या.’’

‘‘शिपायाला लेखी हुकूम?’’

‘‘समितीचा शेरा लेखी हाय. तोंडी हुकमानं मी तो कसा मोडू?’’

साहेब वैतागलेले. वरून दोनदा विचारणा झालेली. त्यांनी अप्पांना हाक मारून सांगितलं की द्या हिला काय पाहिजे ते लिहून. अप्पांनी तिथंच उभ्या उभ्या मजकूर लिहिला. बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. काय लिहितो आहोत ते त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ‘श्रीमती पंचफुला सोनकांबळे यांना इंग्रजी पत्रव्यवहाराची माहिती असल्याने त्यांनी कार्यालयात येणाऱ्या सर्व इंग्रजी टपालाची वर्गवारी करावी.’ साहेबांनी न वाचता सही केली. शिपायाचा कागद वाचायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं टपाल लावलं. तीन दिवसांत जमीन मोकळी झाली. चौथ्या दिवशी तिनं समितीचा शेरा आणि हा हुकूम, दोन्हींच्या नकला एकाला एक टाचल्या आणि वर इंग्रजीत अर्ज लिहिला. अप्पा म्हणाले, ‘‘अक्का, विनंती अर्ज म्हण. मऊ लागतंय.’’ तिनं विषयाच्या ओळीत कम्प्लेंट असंच लिहिलं.

औरंगाबादहून तीन महिने काही आलं नाही. तिनं स्मरणपत्र पाठवलं. मग आणखी एक. पाचव्या स्मरणपत्रानंतर शरदचंद्र साहेबांना विचारणा आली. दोन ओळींची. सोबतच्या दोन्ही कागदांवर सही आपली आहे. यांपैकी खरा कोणता, ते कळवावे.

ते पत्र टपालात तिच्याच हाती आलं. नोंद करून, सगळ्यात वर ठेवून, तीच आत घेऊन गेली. साहेबांनी वाचलं, परत वाचलं.

‘‘हे तुम्ही केलंत?’’

‘‘हाव साहेब.’’

‘‘माझ्याच कचेरीत राहून?’’

‘‘दोन्हीवर सही तुमची हाय. मी फक्त टाचून दिलं.’’

शरदचंद्र साहेबांनी उत्तर लिहायला अकरा दिवस घेतले. दुसरा कागद खोटा म्हणावा तर तीन वर्षं टपाल कुणी लावलं हे विचारलं गेलं असतं. पहिला खोटा म्हणावा तर समिती उघडी पडत होती. शेवटी त्यांनी लिहिलं की समितीचा शेरा नजरचुकीने नोंदला गेला.

नजरचुकीने. एवढा एकच शब्द खर्च झाला त्यांचा. बदली झाली नाही, कुणी जाब विचारला नाही.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये पंचफुलाच्या नेमणुकीचा हुकूम निघाला. लिपिक, लोहा. आपल्याच नांदेड जिल्ह्यात, वाडीपासून एका एसटीच्या अंतरावर. हुकमात सगळ्यात वर ते वाक्य होतं, पूर्वीचा शेरा नजरचुकीने नोंदला गेल्यामुळे. अप्पांनी कचेरीत पेढे वाटले. वीरभद्रनं तिची ट्रंक एसटीच्या टपावर चढवली. बस सुटायच्या आधी अप्पांनी तिच्या चेहऱ्याकडं बघून ओळखलं आणि म्हणाले, ‘‘अक्का, मिळालं न्हवं? आता सोड की.’’

ती म्हणाली, ‘‘मिळालं ते माझंच होतं, अप्पा. अन् नजर कुणाची चुकली? तिघं माझ्याकडं बघून हसले. न बघता हसता येतंय का?’’

लोह्याच्या कचेरीत ती साडेदहाला पोचली. नव्या खुर्चीवर बसायच्या आधी तिनं उभ्यानंच एक कागद लिहिला. नेमणूक मान्य आहे. हुकमातला ‘नजरचुकीने’ हा शब्द मान्य नाही. समितीनं मला समोर उभं करून, ऐकून, मग तो शेरा लिहिला आहे. माझं हे म्हणणं माझ्या सेवापुस्तकात जोडावं. तिथल्या हेडक्लार्कनं तिला समजावलं की पहिल्याच दिवशी असं कुणी करत नाही. तिनं त्यांच्याकडून पोच मागून घेतली, मगच बसली.

त्या कागदाला वरून कधी उत्तर आलं नाही. पण तो तिच्या सेवापुस्तकात टाचलेला आहे. लोह्याला गेलो तेव्हा तिनं मला दाखवला, आणि दाखवताना एवढ्या वर्षांनीही तिचा आवाज चढला होता.